महागड्या सिगारची चव नेमकी कशी ओळखायची? मला तर नुसता धूर आणि कडवटपणाच लागतो

तुम्ही लिहिलंय की भेट आलेल्या सिगारच्या डब्यावर कोको, चामडं, देवदार, काळी मिरी असं बरंच छापलंय, आणि तुम्हाला त्यातलं काहीच लागलं नाही. मग जीभ खराब की सिगार? बहुतेक दोन्ही ठीक असतील. तुम्ही ग्वाल्हेरचे आहात आणि डबा उन्हाळाभर कपाटात होता असंही लिहिलंय. मीही ग्वाल्हेरच्याच लश्कर भागातला, त्यामुळे माझा पहिला संशय आपल्या हवेवर आहे.

सिगार साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवायची वस्तू. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, लू वाहते, त्या दिवसांत उघड्या कपाटातली सिगार वाळून खडखडीत होते. अशी सिगार भराभर जळते, धूर तापतो, आणि तापलेल्या धुरात नाजूक वास आधी हरवतात. उरतो तो कडवटपणा. पावसाळ्यात उलटं होतं: पान फुगतं, ओढायला जोर लागतो, सारखी विझते. शिवाय ऊब आणि दमटपणा एकत्र आले की तंबाखूतला किडा जागा होतो. वरच्या पानावर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली तर समजा तोच.

म्हणून चव बघण्याआधी सिगार बोटांत हलकेच दाबून बघा. किंचित दबून परत वर आली पाहिजे. कुरकुरली तर कोरडी आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात आर्द्रता राखणारी पाकिटं (६५ किंवा ६९ टक्क्यांची मिळतात) घालून काही आठवडे ठेवा. घाईने ओल दिली तर वरचं पान तडकतं. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे ती आणखी वाळते. डब्यातल्या आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखं ओलं करा, मापकासोबत बंद पिशवीत एक दिवस ठेवा. काटा ७५ वर यायला हवा. ७० दाखवला तर तुमचं यंत्र पाचाने कमी सांगतंय. गेलेला सुगंध मात्र कशानेही परत येत नाही.

दुसरं कारण वेग. सिगरेटची सवय असलेले लोक सिगारही तशीच ओढतात. मिनिटाला एक झुरका पुरे, त्याहून जास्त ओढलं तर टोक तापतं आणि कितीही महाग पान असलं तरी कडू लागतं. पेटवताना ज्योत टोकाला टेकवायची नाही, जरा खाली धरून कडा सगळीकडून शेकायची. गॅसचा लायटर किंवा लाकडी काडी घ्या, काडीवरचा गंधक जळून जाऊ द्या. मेणबत्ती आणि पेट्रोलचा लायटर नकोच, पहिले कित्येक झुरके त्यांचाच वास येत राहतो.

आता मूळ प्रश्न. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. कोको, लाकूड, चामडं हे सगळं नाकाचं काम. पटत नसेल तर जायफळ घातलेली पुरणपोळी नाक चिमटीत धरून खा. नुसती गोड लागेल. नाक सोडलं की जायफळ हजर. सिगारचंही तेच. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवायचा, बराचसा तोंडाने सोडायचा आणि शेवटचा थोडासा तोंड मिटून नाकावाटे बाहेर काढायचा. सुरुवातीला ठसका लागेल, डोळ्यांत पाणी येईल. दर झुरक्याला करू नका, चार-पाच झुरक्यांतून एकदा पुरे. डब्यावरची मिरी तुम्हाला बहुधा इथेच सापडेल, कारण तिची झणझण जिभेपेक्षा नाकात जास्त कळते.

डब्यावरची यादी बाजूला ठेवा. ज्याने ती लिहिली त्याच्या आठवणीतले ते वास आहेत. पेटवण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन मसाल्याचा डबा उघडा: मिरी, लवंग, जायफळ, दगडफूल एकेक हुंगा, मग कॉफीची पूड. मदुरो म्हणतात त्या काळपट सिगारमध्ये मला भाजलेल्या तिळाचा आणि गुळाचा वास येतो, म्हणजे थेट मुरैन्याची गजक, आपली तीळ-गुळाची मिठाई. इंग्रजी परीक्षणांत गजक कुठून येणार? ती काळपट पानं जास्त दिवस आणि जास्त उष्णतेत आंबवलेली असतात, त्यातून तो गोडसर गडदपणा येतो. आंबवताना पानातला अमोनिया निघून जातो. तो नीट निघाला नसेल तर नाकाला झोंबणारा उग्र वास येतो, आणि तो दोष तुमच्या साठवणीचा नाही, बनवणाऱ्याच्या घाईचा.

तिखट किंवा जड म्हणजे उत्तम, हा समज आधी काढून टाका. झाडाच्या शेंड्याकडची पानं, ज्यांना लिगेरो म्हणतात, ऊन जास्त खातात, त्यांत निकोटिन जास्त असतं. ती जास्त घातली की डोकं गरगरतं, घाम फुटतो. तसं झालं तर ठेवून द्या आणि काहीतरी गोड खा. त्याचा चवीशी संबंध नाही. पांढऱ्या राखेचं कौतुकही असंच. राखेचा रंग पानातल्या खनिजांवर जातो, दर्जावर नाही.

मी स्वतः तीनच गोष्टी बघतो: एकच चव बाकीच्यांना दाबून टाकते का, पहिल्या तिसऱ्या भागात लागलेलं शेवटच्या तिसऱ्या भागात बदलतं का, आणि झुरका सोडल्यावर तोंडात काय रेंगाळतं. (ग्वाल्हेरात राहून इथे विलंबित ख्यालाची उपमा द्यायचा मोह होतो, तो आवरतो.) शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सुरुवातीला गोड बोलून मागे राखेची चव ठेवणाऱ्या सिगार पुष्कळ, आणि त्यांच्या किमतीही चांगल्याच असतात. म्हणूनच जमलं तर सिगारवरची नावाची पट्टी कुणाकडून तरी कागदाने झाकून घ्या. नाव दिसलं की माणूस सिगारऐवजी नावालाच गुण देतो.

वेळ कोणती? जयविलास राजवाड्यातली चांदीची छोटी आगगाडी तुम्ही पाहिली असेलच, जेवणानंतर ब्रँडी आणि सिगार घेऊन ती टेबलावर पाहुण्यांपुढून फिरायची, सुरई उचलली की थांबायची. थाट मोठाच, पण सिगारची पारख करायला याहून वाईट वेळ नाही. शाही जेवण आणि वर ब्रँडी झाल्यावर कुठली जीभ शाबूत राहणार? उपाशीपोटीही नको, निकोटिन चढतं. हलकं खाऊन तास-दोन तासांनी बसा, सोबत साधं पाणी. त्या दिवशी पान, सुपारी, गुटखा काही नको. त्यांनी जिभेला एकदा सारवलं की पुढे सगळं सारखंच लागतं.

धूर छातीत घेत नाही म्हणजे धोका नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटिन तोंडातल्या त्वचेतूनच रक्तात जातं, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका खराच आहे. मी हिवाळ्यात कधीमधी गच्चीवर बसून एखादी ओढतो, तेवढंच. तुम्ही मुळात ओढत नसाल तर केवळ डबा भेट आला म्हणून सुरू करायचं काही कारण नाही.

ओढणारच असाल तर उरलेल्या सिगारना आत्ता हात लावू नका. डबा बंद करा, पाकिटं घाला, आणि डिसेंबरात, तानसेन समारोहाच्या (आपल्याकडच्या संगीत महोत्सवाच्या) थंडीत एक काढा. तेव्हाही दाबून बघितल्यावर नीट लागली, सावकाश ओढली आणि तरी कडूच वाटली, तर त्यातलं मिश्रणच तुम्हाला मानवणारं नाही असं समजा. पुढची घेताना फिक्या पानाची आणि सौम्य घ्या, तीही एकच, सुटी. अख्खा डबा नको.