मेन-व्हर्मॉन्टच्या रानात पहिल्यांदा जाताय? गोचीड ओळखा

पहिल्याच उन्हाळ्यात तिथल्या रानवाटा तुडवणार, छान! फक्त ‘तिकडे बॅबेसिओसिस (गोचीड चावल्याने होणारा, रक्तातल्या परजीवीचा आजार) नाही’ हा समज आता सोडा. 2023मध्ये सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या अहवालाने मेन, न्यू हॅम्पशायर आणि व्हर्मॉन्ट ही राज्येही या आजाराच्या कायमच्या प्रदेशांत धरली.

नवखे लोक मोठा किडा शोधतात, तिथेच चुकतात. चावणारी पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात! परतल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांमागची जागा, केस बोटांनी चाचपा.

- गोचीड बारीक चिमट्याने अगदी त्वचेलगत धरून सरळ ओढा. तेल किंवा पेटती काडी अजिबात नको.
- पुढच्या काही आठवड्यांत ताप, घाम, थकवा आला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा. हा परजीवी तांबड्या पेशींत शिरतो. लाइम या गोचिडीमुळेच होणाऱ्या दुसऱ्या आजारावरचं डॉक्सिसायक्लिन हे औषध त्यावर चालत नाही.

प्लीहा काढलेली असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला.