फोडणी रोजची असू द्या

पत्र: "ताई, मी ३४ वर्षांचा. राहतो पुण्यात, वारज्याला, नोकरी हिंजवडीत. बायको मगरपट्ट्याला जाते. दोघंही सकाळी आठला बाहेर पडतो, परत यायला रात्रीचे साडेआठ. बाहेरचं खाऊन पोटं बिघडली म्हणून गेले दोन महिने मी दर रविवारी नऊ ते तीन ओट्यापाशी उभा राहून शुक्रवारपर्यंतचे डबे भरून ठेवतो. भात, पनीर, ब्रोकोली, किनोआ, दोन भाज्या. ती सोमवारी खाते, मंगळवारपासून 'हे शिळं आहे' सुरू. गेल्या गुरुवारी डबा भरलेलाच परत आला आणि डब्याच्या पिशवीत वडापावचा कागद होता. मी भांडलो नाही, पण दोन दिवस तिच्याशी नीट बोललोही नाही. ती सोलापूरची, ताज्या भाकरीवर वाढलेली. पुढच्या महिन्यात सासूबाई येणार आहेत, त्यांच्यासमोर हे नको. माझ्या राबण्याला काहीच किंमत नाही का? सोडून देऊ हे सगळं?"
एक थकलेला नवरा, वारजे

सोडू नका. रविवारचे सहा तास कोणी उगाच देत नाही. तुमचं पत्र वाचताना मला ते सहा तास दिसत होते, आणि तो कागद हातात आल्यावर तुम्हाला काय वाटलं असेल तेही समजलं. पण आधी एक सांगते, थोडं लागेल. गुरुवारच्या डब्याच्या बाबतीत तुमची बायको बरोबर होती.

शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन दिवस, फार तर चार दिवस ठेवावं. रविवारची भाजी गुरुवारी त्या हद्दीवर असते आणि शुक्रवारी हद्दीबाहेर. भाताला तर आणखी जपायचं. तांदळातले काही जिवाणू शिजवूनही पुरते मरत नाहीत. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तुम्ही नऊ ते तीन एकामागून एक पदार्थ करता, म्हणजे सकाळचा भात दुपारपर्यंत बाहेरच राहत असणार. शिजलेलं काहीही पसरट डब्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. भात मात्र रोजचा रोज लावा. कुकरला वीस मिनिटं लागतात.

तुमची मेहनत खरी आहे, ती चुकीच्या टप्प्यावर खर्च होते आहे. तुम्ही आठवड्याचा स्वयंपाक करता. करायची आहे ती तयारी. आपल्या घरांतून हे पूर्वापार चालत आलंय: दाण्याचं कूट, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, सांडगे. यातल्या कशालाही कोणी शिळं म्हणत नाही. तुमच्या बायकोच्या गावची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी तर कितीतरी दिवस टिकते. म्हणजे टिकाऊ खाण्याशी तिचं वैर नाहीच. चार दिवसांपूर्वी फोडणी दिलेली, पाणी सुटलेली भाजी तिच्या घशाखाली उतरत नाही, इतकंच.

तेव्हा फोडणी रोजची ठेवा आणि तिच्या आधीचं सगळं रविवारी उरका. दोन तास पुरतात, दोघं असलात तर दीडच.

सगळ्यात मोलाचं काम वाटणाचं. चार मोठे कांदे, वाटीभर सुकं खोबरं, लसणाचे दोन गड्डे, आल्याचा तुकडा, सगळं थोड्या तेलावर खमंग भाजून, गार झाल्यावर शक्यतो पाणी न घालता वाटा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतं, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलंत तर महिनाभर, म्हणून शुक्रवारपुरतं गोठवूनच ठेवा. हे एक वाटण हाताशी असलं की सोमवारी मटकीची उसळ, बुधवारी वांग्याचा रस्सा, शुक्रवारी अंडाकरी, आणि एकाची चव दुसऱ्यासारखी नाही. सोबत अर्धा किलो दाणे भाजून जाडसर कूट करून ठेवा.

मटकी शनिवारी सकाळी भिजवायची, रात्री फडक्यात बांधायची. थंडीत मोड यायला वेळ लागतो, म्हणून गाठोडं ओट्यावर उघडं न ठेवता बंद डब्यात, उबेला ठेवा. मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते. मूग मंगळवारी वेगळे भिजवा, म्हणजे आठवड्याच्या शेवटीही ताजे मोड मिळतील.

भाज्यांचा क्रम त्यांच्या स्वभावाप्रमाणे लावा. मेथी, शेपू, चाकवत आधी संपवायचे. निवडून ठेवा, पण धुवू नका; कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा, धुणं चिरायच्या आधी. गवार मोडून ठेवली, घेवडा निवडून ठेवला तर बुधवारपर्यंत छान राहतात. लाल भोपळा अख्खा आणलात तर तो बाहेरच राहतो, शुक्रवारी कापा. ब्रोकोली-किनोआ तुम्हाला मनापासून आवडत असेल तर जरूर खा, पण त्या पैशात ज्वारी, इंद्रायणी तांदूळ आणि चार कडधान्यं येतात आणि ती रोज खाववतात.

सकाळी मोडलेली गवार, फोडणी, कूट, गोडा मसाला, गुळाचा खडा: पंचवीस मिनिटांत डबा भरतो. पोळ्यांचा अट्टाहास धरू नका. पोळी-भाजी केंद्रातून नुसत्या पोळ्या आणण्यात कमीपणा काही नाही. भाकरी मात्र करूनच खावी. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, मळून ठेवलं तर भाकरी थापताना चिरते.

बुधवारी संध्याकाळी अर्धा तास राखून ठेवा. तेव्हा पुढच्या दोन दिवसांचं निवडणं-धुणं करा. आपल्याकडे पाणी बंद ठेवायचं असलं की बहुतेक गुरुवारच गाठतात, तीही सोय होईल.

आता जे पत्रात नाही त्याबद्दल. तुम्ही काय काय शिजवता ते सगळं लिहिलंत, पण तिला काय आवडतं त्याबद्दल एक ओळ नाही. विचारलंत का कधी? दोन महिने तिच्यासाठी रांधताय आणि जेवण ठरवताय एकटेच. कोणी प्रेमानेही रोज आपलं ताट परस्पर ठरवलं तर माणूस एक दिवस वडापाव खातो. त्या कागदाचा विषय काढू नका, पण दोन दिवसांच्या अबोल्याचा जरूर काढा. "मला वाईट वाटलं होतं म्हणून बोललो नाही" एवढं म्हणा, लांबवू नका. मग येत्या शनिवारी दोघं मिळून मंडईत जा, किंवा जवळ शेतकऱ्यांचा आठवडे बाजार भरत असेल तर तिथे. निम्म्या भाज्या तिने निवडायच्या, त्यावर तुम्ही काही म्हणायचं नाही. रविवारी वाटण तुमच्याकडे, निवडणं तिच्याकडे. तिला ओट्याचा कंटाळा असेल तर निवडणं बाहेर बसून गप्पा मारतही होतं.

आणि सासूबाईंना घाबरू नका. त्या निघायच्या आधी तुम्ही स्वतः फोन करा आणि येताना पंधरा-वीस कडक भाकरी आणि डबाभर शेंगांची चटणी आणायला सांगा.