हळदीचा कागद लाल झाला, म्हणजे बोरॉन आहे का?

प्रश्न: हळद स्पिरिटमध्ये भिजवून कागद रंगवला, वाळवला आणि माती कालवलेल्या पाण्यात बुडवला. तो विटकरी लाल झाला. हळदीने बोरॉन ओळखतात असं वाचलंय. मग आता जमिनीला बोरॅक्स (बोरॉनचं खत) द्यायची गरज नाही ना?

उत्तर: प्रयोग छान केलात, निष्कर्ष मात्र घाईचा झाला. त्या लाल डागावर लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. डाग पुन्हा पिवळा झाला, तर तुम्ही बोरॉन नव्हे, सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप) मोजलात. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कुरकुमीन. सामू साधारण साडेसात-आठच्या पुढे गेला की तो तांबडा होतो आणि आम्ल मिळालं की परत येतो.

बोरॉनची लाली वेगळी असते. तिला आधी तीव्र आम्ल लागतं, शिवाय मिश्रण पार सुकावं लागतं. मातीतलं बोरॉन गरम पाण्यात उतरवून घेतात. त्यातलं थोडं पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत घेऊन कुरकुमीन आणि ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण घालतात आणि 55 अंशांच्या आसपास सुकवतात. पिवळं पाणी आटत जातं आणि बशीच्या तळाशी तांबडा थर उरतो. तो अल्कोहोलमध्ये विरघळवून 540 नॅनोमीटर प्रकाशात त्याची तीव्रता मोजतात. ही लाली लिंबाने पिवळी होत नाही. सोड्यासारखं काही लागलं तर उलट हिरवट-काळी पडते. काचभांडीसुद्धा जपून निवडावी लागतात, कारण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेतच बोरॉन असतं. आता बऱ्याच ठिकाणी अ‍ॅझोमिथिन-एच हे दुसरं रसायन वापरतात, काम तेच.

तेव्हा तुमच्या कागदाने सांगितलं ते एवढंच, की जमीन अल्कधर्मी आहे. तीत चुनखडी असेल तर बोरॉन मातीच्या कणांना चिकटून बसतं आणि पिकाला कमीच मिळतं. म्हणजे तुमच्या अंदाजाच्या उलटही असू शकतं! पण म्हणून लगेच बोरॅक्सची पिशवी फोडू नका. बोरॉनची कमतरता आणि विषबाधा यांच्यात अंतर फार थोडं असतं. गरम पाण्यात विरघळणारं बोरॉन 0.5 पीपीएमच्या (दहा लाख भागांत अर्धा भाग) खाली आलं तर साधारणपणे कमतरता धरतात. आधी माती परीक्षणाचा अहवाल घ्या, मग मात्रा ठरवू.

दुसरा प्रश्न: हळद शिजवताना सोडा टाकला की रंग खुलतो म्हणतात. टाकू का?

उत्तर: नको. खुललेला दिसतो तो रंग म्हणजे तुमच्या कागदावरचीच लाली. अल्कधर्मी पाण्यात कुरकुमीन नुसतं रंग बदलत नाही, तुटतंही. साध्या पाण्यात शिजवा; फेस आला, हळदीच्या वासाची वाफ सुटली आणि हळकुंडात काडी सहज शिरली की काढा.

याच तुटण्याने संशोधकही गोत्यात येतात. कुरकुमीन निळ्या प्रकाशात स्वतः चमकतं आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाला चिकटतं, म्हणून ते गोळे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायला कामी येतं. पण हीच चमक आणि हेच तुटणं औषधांच्या चाचण्यांत खोटा होकार देतं, म्हणजे गुण नसतानाही गुण आल्यासारखा दिसतो. ‘हळदीने अमुक बरं होतं’ अशा बातम्या मी तरी जपूनच वाचतो.

आणि दळलेली हळद पारदर्शक बरणीत उजेडात ठेवू नका. प्रकाशानेही कुरकुमीन विटतं.