गोष्टीचे गेम, आगाऊ कौतुक आणि तुमचे पैसे

या वेळच्या पत्रांत व्हिडिओ गेमचे प्रश्न बरेच आले. बहुतेकांचं दुखणं एकच आहे: गेम येण्याआधी त्याच्या कथेचं उदंड कौतुक कानावर येतं, त्यातल्या कशावर विसंबून पैसे टाकायचे?

प्रश्न : एका येऊ घातलेल्या स्टोरी गेमचा ट्रेलर आला आणि ‘या दशकातली सर्वोत्तम कथा’ अशी स्तुती सगळीकडे सुरू झाली. गेम अजून सहा महिने लांब आहे. प्री-ऑर्डर केल्यास नायकाचा खास पोशाख आणि एक छोटी मोहीम फुकट मिळते. आत्ताच करून टाकू का?
(विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली)

करू नका. सहा महिने आधी कौतुक करणाऱ्यांनी नेमकं काय पाहिलं, ते आधी शोधा. प्रीव्ह्यू लिहिणाऱ्या पत्रकाराला कंपनीने निवडलेला दोन-तीन तासांचा भाग मिळतो, बहुधा कंपनीच्याच तगड्या पीसीवर. पुष्कळदा खेळायलाही मिळत नाही, नुसता पडद्यावर दाखवतात. या तुकड्याला धंद्यात ‘व्हर्टिकल स्लाइस’ म्हणतात. बाकी गेम कच्चा असताना एवढाच भाग घासूनपुसून पूर्ण केलेला असतो.

तासगावच्या बेदाणा सौद्यात बॉक्स उघडून मूठभर माल हातावर घेतात, तसंच हे वाटतं. पण सौद्यात माल तयार असतो आणि घेणारा स्वतः हात घालून बघतो. इथे नमुना विकणारा निवडतो आणि बाकीची द्राक्षं अजून वेलीवरच असतात.

‘बायोशॉक इन्फिनिट’चंच बघा. २०११ च्या ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनातल्या डेमोत नायकाची सोबतीण एलिझाबेथ रस्त्यावर मरायला टेकलेल्या घोड्यापाशी बसते. त्याला वाचवावं म्हणून ती हवेतच एक फट उघडते आणि पलीकडे भलत्याच काळातला रस्ता दिसतो. पत्रकार भारावून गेले, त्या प्रदर्शनातला सर्वोत्तम गेम म्हणून समीक्षकांचा पुरस्कारही मिळाला. मार्च २०१३ मध्ये गेम आला, उत्तम आला, समीक्षकांचे सरासरी १०० पैकी ९० च्या वर गुण मिळाले. पण घोड्याचा तो प्रसंग त्यात नव्हता. यात कुणी फसवलं असं म्हणता येणार नाही, कारण गेम बनवताना कथा शेवटपर्यंत कापली-जोडली जाते. फक्त आगाऊ कौतुक ज्याचं झालं ती वस्तू आणि तुमच्या हाती येणारी वस्तू एकच असेल, याची हमी नसते.

ट्रेलर बघताना तो थांबवून खालची बारीक ओळ वाचा. ‘सिनेमॅटिक’ किंवा ‘प्री-रेंडर्ड’ लिहिलं असेल तर ती जाहिरातीची फिल्म आहे. ‘इन-इंजिन’ म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम चालतो त्याच इंजिनात चित्रं बनली, पण खेळताना तशीच दिसतील असं नाही. ‘कॅप्चर्ड ऑन पीएस फाइव्ह’ (म्हणजे प्लेस्टेशन फाइव्ह) असं मशीनचं नाव असेल तर भरवसा जास्त, पण तिथेही निव्वळ कटसीन, म्हणजे खेळायचे नव्हे तर नुसते बघायचे प्रसंग, जोडलेले असू शकतात. सलग दहा-पंधरा मिनिटं कुणीतरी खेळतंय, नकाशा आणि संवादाचे पर्याय दिसताहेत, असा व्हिडिओ येईपर्यंत मत बनवू नका.

डिजिटल प्रती संपत नाहीत, त्यामुळे रांगेत उभं राहण्याचं कारणच नाही. फुकटचा पोशाख कथेत काही भर घालत नाही. तारखाही पुढे जातात. ‘जीटीए सिक्स’चा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा साल २०२५ सांगितलं होतं, मग २६ मे २०२६ जाहीर झालं, त्यानंतर १९ नोव्हेंबर २०२६. तुम्ही आधीच प्री-ऑर्डर केली असेल तर घाबरू नका. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम येईपर्यंत ती केव्हाही रद्द करता येते.

आणि हो, ‘पुरस्कारप्राप्त’ हा शब्द दिसला तर पुरस्कार कोणता ते बघा. द गेम अवॉर्ड्समध्ये ‘मोस्ट अँटिसिपेटेड गेम’ असा एक पुरस्कार आहे. तो अजून न आलेल्या गेमला, म्हणजे निव्वळ उत्सुकतेला मिळतो.

प्रश्न : मुलाच्या हट्टाखातर ९० च्या वर गुण मिळालेला गेम घेतला. आमच्या लॅपटॉपवर तो अडकत अडकत चालतो, मध्येच बंद पडतो. एवढे गुण देणाऱ्यांना हे दिसलं नाही का? पैसे परत मिळतील का?
(पालक, मिरज)

आधी पैशांचं. स्टीमवर घेतला असेल तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळ दोन तासांपेक्षा कमी झालेला असताना मागणी करा. स्टीमच्या ‘हेल्प’ मेनूत ‘स्टीम सपोर्ट’, तिथे ‘पर्चेसेस’, मग गेम निवडून रिफंडचा पर्याय. प्लेस्टेशनचा नियम कडक आहे: एकदा डाउनलोड सुरू केलं की गेममध्येच दोष असल्याशिवाय सहसा पैसे परत मिळत नाहीत.

दोन तासांच्या अटीत एक गोम आहे. गेम मेनूवर उघडा ठेवून जेवायला गेलात तरी घड्याळ चालूच राहतं. शिवाय गोष्टीचे गेम रंगात येईपर्यंतच दोन तास जातात. ‘रेड डेड रिडेम्प्शन टू’चा बर्फातला पहिला अध्यायच जवळपास तेवढा वेळ घेतो. म्हणून पहिल्या चाळीस मिनिटांत कथेत रमायचं नाही, मशीन तपासायचं.

गेम परत करण्याआधी एवढं बघा. लॅपटॉपला चार्जर लावलेला आहे ना? बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड कमी ताकदीने चालतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन त्या गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ लावलंय का? नसेल तर कधीकधी गेम वेगळं कार्ड सोडून प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर चालतो. गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा. हे करूनही अडकत असेल तर दोष बहुधा तुमचा नाही.

समीक्षकांना दिसलं नाही का, याचं उत्तर ‘सायबरपंक २०७७’मध्ये आहे. तीन वेळा लांबणीवर पडून तो १० डिसेंबर २०२० रोजी आला. सुरुवातीच्या समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती, आणि स्वतः रेकॉर्ड केलेलं चित्रण दाखवायची त्यांना मुभा नव्हती. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर पीसीचे गुण ८६ झाले. पीएस फोरवरची प्रत नंतर तपासली गेली तेव्हा तिचे ५७. आठवडाभरात प्लेस्टेशनवाल्या सोनीने गेम आपल्या स्टोअरवरून काढला, तो जून २०२१ मध्ये परतला. गेम एक, कथा एक, आणि गुणांत २९ चा फरक. म्हणून आकड्याच्या शेजारी मशीनचं नाव बघायचं. ज्या दिवशी रिव्ह्यू येतात त्या दिवशी तुमच्या मशीनचा एकही नसेल, तर थांबायचं.

गेमला कसं मशीन लागतं याच्या दोन याद्या दिलेल्या असतात. लॅपटॉपसाठी ‘मिनिमम’ नव्हे, ‘रेकमेंडेड’ यादी धरा, कारण त्याच नावाचं लॅपटॉपमधलं कार्ड डेस्कटॉपच्या कार्डापेक्षा कमी ताकदीचं असतं. कार्डाचं वयही बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ॲलन वेक टू’ आला तेव्हा एकेकाळचं दणकट जीटीएक्स १०८० कार्ड कमी पडलं, कारण त्या गेमला लागणारी ‘मेश शेडर’ ही चित्रातले आकार रचण्याची सोय कार्डांच्या त्या पिढीत नव्हतीच. पुढच्या वर्षी पॅच, म्हणजे गेममधली दुरुस्ती, आला तेव्हा जुन्या कार्डांना थोडा दिलासा मिळाला.

जागा आणि नेट हेही खर्चातच धरा. ‘बाल्डर्स गेट थ्री’ला एसएसडीवर १५० जीबी लागतात, मोकळी जागा १८० तरी ठेवा. ४० एमबीपीएसच्या लाइनवर १५० जीबी उतरायला साधारण साडेआठ तास, १०० वर साडेतीन. रोज २ जीबी मिळणाऱ्या मोबाइल पॅकवर अडीच महिने लागतील, तेव्हा तो नाद नको. वीज गेली तरी स्टीमचं डाउनलोड थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

प्रश्न : एकाच गेमला समीक्षक ९३ देतात आणि लोक दहापैकी तीन. खरं कुणाचं?
(वाचक, विटा)

‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ आला, १९ जून २०२०, तेव्हा हेच झालं. कथेतले महत्त्वाचे प्रसंग एप्रिलमध्येच फुटले होते. गेम वीस-पंचवीस तासांचा, आणि पहिल्याच दिवशी हजारोंनी शून्य गुणांचा मारा सुरू झाला. एवढ्यात तो कुणाचा पूर्ण होणार? त्यानंतर महिनाभरात मेटाक्रिटिकने लोकांचे गुण नोंदवण्याआधी ३६ तासांची वाट ठेवली.

पण समीक्षकांचा आकडाही जपून घ्या. प्रत हाती येते प्रकाशनाच्या आठवडाभर आधी, गेम असतो साठ-सत्तर तासांचा. धावत खेळलेल्या माणसाला शेवट तोलायला उसंत मिळत नाही. ‘मास इफेक्ट थ्री’ला मार्च २०१२ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर ९३ मिळाले, शेवटावरून मात्र खेळाडूंनी एवढा रोष व्यक्त केला की जूनमध्ये कंपनीला शेवट वाढवून फुकट द्यावा लागला.

आम्ही स्वतः स्टीमवरच्या रिव्ह्यूंना जास्त मानतो, पण गाळून. रिव्ह्यूंच्या वर ‘प्लेटाइम’ची गाळणी असते, तिथे किमान २० तास लावा. प्रत्येकाच्या नावाशेजारी किती तास खेळला ते दिसतंच. मग नापसंतीचे दहा वाचा. ‘बकवास’ एवढंच लिहिणारे सोडा. ‘तिसऱ्या अंकात शहरात शिरल्यावर फ्रेम पडतात’, म्हणजे चित्र अडखळतं, असं लिहिणारा तुमच्या कामाचा.

प्रश्न : आम्ही हौशी नाटकवाले. गेममधली कथा आणि संवाद चांगले आहेत की नाही, हे रहस्य न फुटता आधी कसं ओळखावं?
(नाट्यप्रेमी, सांगली)

१८४३ साली ‘सीतास्वयंवर’ जिथे रंगलं त्या गावातून हा प्रश्न यावा, याचा आनंद झाला. संहितावाचन आणि प्रयोग यांतला फरक तुम्हाला सांगायला नको. गेममध्ये तिसरीही गोष्ट असते: खेळणाऱ्याचा हात. म्हणून ‘कथा अप्रतिम’ या वाक्याला किंमत नाही. खेळाडू काय करतो आणि कथा त्यावर काय उत्तर देते, हे सांगणारा रिव्ह्यू शोधा. ‘मी सुरुवातीला एका पहारेकऱ्याशी खोटं बोललो, दहा तासांनी त्याच्या भावाने मला दारातच अडवलं’ अशा धर्तीचं एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा जास्त सांगतं.

संवादांसाठी मध्यावरची पाच मिनिटं बघा, सुरुवातीची नव्हेत. आवाज बंद करून फक्त सबटायटल वाचा. कोण बोलतंय हे नाव झाकूनही कळलं तर लेखन पक्कं. नंतर डोळे मिटून नुसता आवाज ऐका. नाटकाच्या तालमीत जे खटकतं तेच इथेही खटकेल: दोन पात्रं एकमेकांना आधीच ठाऊक असलेली माहिती सांगत बसतात.

भाषेचा अंदाजही घ्या. ‘डिस्को एलिझियम’ हा लेखनासाठी नावाजलेला गेम, पण त्यात सुमारे १० लाख शब्द आहेत आणि इंग्रजी अवघड आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये आला तेव्हा बरेचसे संवाद वाचावेच लागत. मार्च २०२१ च्या ‘फायनल कट’मध्ये जवळपास सगळ्याला आवाज मिळाला, आणि आधी घेतलेल्यांना ती सुधारणा फुकट मिळाली. सबटायटलचा आकार वाढवता येतो का, तेही बघून ठेवा. टीव्हीपासून आठ फुटांवर बसलात तर बारीक अक्षरं संध्याकाळ नासवतात.

‘बाल्डर्स गेट थ्री’ची हकीकत तुम्हाला जवळची वाटेल. ऑक्टोबर २०२० पासून त्याचा फक्त पहिला अंक विकत मिळत होता. जवळपास तीन वर्षं लोक तो खेळले, चुका दाखवल्या, तो अंक घोटला गेला. ३ ऑगस्ट २०२३ रोजी पूर्ण गेम आला, ९६ गुण, वर्षातला सर्वोत्तम गेम. तरी तक्रारी तिसऱ्या अंकाच्याच होत्या, आणि शेवट तुटक वाटतो असं अनेकांनी लिहिलं. नोव्हेंबरअखेरच्या पाचव्या पॅचमध्ये उपसंहार जोडला, सगळी पात्रं पुन्हा एकत्र भेटतात तो. ऑगस्टमध्ये संपवणाऱ्यांनी जे पाहिलं नाही, ते डिसेंबरमध्ये घेणाऱ्यांना पहिल्याच खेळात मिळालं.

प्रश्न : आपल्याकडच्या गोष्टीचा एखादा गेम आहे का?
(वाचक, तासगाव)

‘राजी’ घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० सालचा. २०१७ मधली किकस्टार्टरवरची लोकवर्गणीची मोहीम अपुरी पडली, तरी तो पूर्ण झाला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं. चित्रं आणि वास्तू डोळ्यांत भरतात. हाणामारी तितकी सफाईदार नाही, पाच-सहा तासांत संपतो आणि शेवट अर्ध्यावर सोडतो. सवलतीत असेल तेव्हा बिनधास्त घ्या.

प्रश्न : थांबायचं म्हटलं तर तोवर यूट्यूबवर शेवट कळतो. उपाय?
(विद्यार्थिनी, सांगली)

गेम येण्याच्या आठवडाभर आधीपासून यूट्यूबची ‘वॉच हिस्टरी’ थांबवा आणि त्या गेमचा एकही व्हिडिओ उघडू नका. एक उघडला की वीस सुचवले जातात. जे सुचतील त्यांना ‘नॉट इंटरेस्टेड’ लावा. एक्सवर ‘म्यूटेड वर्ड्स’मध्ये गेमचं नाव आणि मुख्य पात्रांची नावं टाका. टेलिग्राम-व्हॉट्सॲपचे गेमिंग ग्रुप नुसते म्यूट न करता अर्काइव्हही करा, कारण म्यूट केलेल्या ग्रुपचा शेवटचा मेसेज यादीत दिसतोच. पीएस फाइव्ह असेल आणि तिला डिस्क ड्राइव्ह असेल, तर दीड-दोन महिन्यांनी वापरलेली डिस्क शोधा. नवा मोठा गेम ५,००० रुपयांच्या घरात जातो, जुनी डिस्क त्याहून बरीच खाली मिळते, आणि गोष्ट संपल्यावर तीच पुढे विकता येते. घेताना डिस्कची खालची बाजू उजेडात तिरपी धरून चरे बघा, आणि दुकानातच लावून ती वाचली जाते का ते पाहा.