नळी घालून ओढलं की झालं?

प्रश्न : प्रकल्पासाठी मला बॉयलरच्या धुराड्यातली धूळ मोजायची आहे. आत वायूचा वेग सेकंदाला २० मीटर आहे. नळी घालून पंपानं वायू ओढायचा आणि फिल्टरवरची धूळ तोलायची, एवढंच काम आहे असं मी धरून चालले होते. सर म्हणतात, ओढण्याचा वेग धुराड्यातल्या वेगाशी जुळला पाहिजे. धूळ वायूत मिसळलेलीच असते, मग वेगानं काय फरक पडतो? – एक विद्यार्थिनी

उत्तर : सरांचं ऐका. हीच चूक मी नोकरीच्या पहिल्या वर्षी केली होती.

वायू वळतो, जड कण वळत नाही. तुम्ही हळू ओढलंत, तर नळीत न मावणारा वायू तिच्या तोंडाशी बाजूला वळून पुढं जातो. त्यातला जड कण मात्र आपल्या वेगात सरळ नळीत शिरतो. वायू कमी आणि कण जास्त, त्यामुळे धूळ आहे त्याहून जास्त भरते. जोरात ओढलंत तर उलटं. बाजूचा वायू वळून आत येतो, त्यातले जड कण तेवढे बाहेरून निघून जातात. एक मायक्रॉनहून बारीक कण बहुतेक वायूबरोबरच वळतात, त्यांच्यात हा फरक फारसा पडत नाही.

म्हणून आधी पिटो ट्यूबनं, म्हणजे दाबावरून वेग सांगणाऱ्या नळीनं, वेग काढायचा आणि नोझलच्या, म्हणजे नळीच्या टोकाच्या, तोंडाशी तेवढाच वेग ठेवायचा. याला आयसोकायनेटिक सॅम्पलिंग म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या 'मेथड ५' या धूळ मोजायच्या पद्धतीत ओढण्याचा वेग धुराड्यातल्या वेगाच्या ९० ते ११० टक्क्यांत असावा लागतो.

आता माझी चूक. नोझल ६ मिलिमीटरचं, वेग तुमच्यासारखाच २० मीटर. हिशेब आला मिनिटाला ३४ लिटर, आणि मी पंपाजवळच्या, वायू मोजायच्या मीटरवर ३४ लावले. वायू १५० अंशांवर होता. मीटरपर्यंत येताना तो २० अंशांपर्यंत थंड होऊन आकसला होता. तिथं साडेतेवीस लिटरच हवे होते, आणि वाफेचं पाणी वाटेत वेगळं होतं म्हणून त्याहूनही थोडे कमी. मी जवळजवळ दीडपट जोरानं ओढत होते. फिल्टर चिमट्यानं उचलला तेव्हा तो फिकट करडा होता. धूळ कमी आली म्हणून सगळे खूश झाले. आमच्या वरिष्ठांनी मात्र वहीतलं तापमान पाहिलं आणि सगळी चाचणी पुन्हा करायला लावली. दुसऱ्या वेळी तेवढाच वायू ओढून फिल्टर चांगलाच गडद निघाला. तेव्हापासून तापमान लिहिल्याशिवाय मी पंपाला हात लावत नाही.

जागाही नीट निवडा. वाकणापासून पुढं धुराड्याच्या निदान आठ व्यासांएवढा सरळ भाग मिळाला तर उत्तम. एकाच बिंदूवर थांबू नका, भिंतीजवळ आणि मध्यावर वेग वेगळा असतो.

सल्फर डायऑक्साइड किंवा नायट्रोजन ऑक्साइड मोजताना वेग जुळवायची गरज नाही, कारण ते वायूच आहेत. तिथं नळी गरम ठेवा. आत पाणी सुटलं तर सल्फर डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि यंत्र कमी आकडा दाखवतं. जेट इंजिनाच्या झोतात तर आणखी एक अडचण असते. वेगवान वायू नळीच्या तोंडाशी थांबला की तापतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड नळीतच जळत राहू शकतो. त्यासाठी पाण्यानं थंड केलेली नळी वापरतात, म्हणजे ती क्रिया तिथंच थांबते.

शेवटी, फिल्टर काढल्यावर काम संपलं असं समजू नका. नोझलच्या आतल्या बाजूला धुळीचा पातळ थर चिकटलेला असतो. तो ॲसिटोन आणि बारीक ब्रशनं कुपीत उतरवा, ॲसिटोन उडू द्या आणि खाली राहील तेही तोला.