तेरा हजारांचा दाढीचा सेट आणि बाबांचा डबा

इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 29, पीथमपूरला औषध कारखान्यात नोकरी, हातात येणारा पगार 36,000. कारखान्यात दाढी ठेवलेली चालत नाही, म्हणून महिन्यातले 26 दिवस दाढी करावीच लागते. तीन पात्यांची कार्ट्रिजं महिन्याला दोन लागतात, एक 180 रुपयांचं. वर मानेवर पुरळ. आता त्यांना सेफ्टी रेझर, म्हणजे सुटं दुधारी ब्लेड बसवायचा रेझर, घ्यायचाय: जर्मन रेझर 5,800, बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश 4,200, स्टँड आणि वाडगा 1,800, साबण आणि निरनिराळ्या कंपन्यांची ब्लेडं 1,200. एकूण 13,000, क्रेडिट कार्डावर सहा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’ने. कार्डावर आधीचे 9,000 थकलेत, महिन्याला 3.5 टक्के व्याज लागतं आणि ते फक्त मिनिमम ड्यू भरतात. बचत खात्यात 41,000 आहेत. शेवटी लिहितात, “बाबा असेच दाढी करायचे. त्यांचा रेझर स्टीलच्या डब्यात तसाच ठेवलाय, वापरायला मन धजत नाही. या सेटने पैसे वाचतील ना?”

वाचतील. पण ते वाचतात ब्लेडमध्ये. दांडा महाग घेतला म्हणून एक पैसाही जास्त वाचत नाही.

तुमचाच हिशेब मांडतो. कार्ट्रिजचे महिन्याला 360. पाच ब्लेडांचं साधं पाकीट 30 रुपयांना धरा. एका ब्लेडवर चार दाढ्या म्हणजे महिन्याला सात ब्लेडं, 42 रुपये. बचत 318. या वेगाने 13,000 भरून निघायला 41 महिने लागतात, जवळजवळ साडेतीन वर्षं. हाच हिशेब पाचशे रुपयांच्या सामानावर केला, तर दोन महिन्यांत पैसे वसूल.

ब्लेड इतकं स्वस्त का, हे समजून घ्या, कारण तुमची खरी ताकद तिथे आहे. किंग जिलेट नावाच्या उद्योजकाला अमेरिकेत या रेझरचं पेटंट 1904 मध्ये मिळालं आणि सुरुवातीला तो सेट 5 डॉलरला, म्हणजे त्या काळी चांगलाच महाग, विकला जायचा. 1921 मध्ये पेटंटची मुदत संपली, बाकीचे कारखानदार उतरले आणि भाव खाली आले. आज कुठल्याही कंपनीचं दुधारी ब्लेड कुठल्याही कंपनीच्या दुधारी रेझरला बसतं. एकाने भाव वाढवला तर तुम्ही शेजारचं पाकीट उचलता. कार्ट्रिजच्या बाबतीत ही सोय नाही. दांडा ज्याचा, बहुतेक त्याचंच कार्ट्रिज घ्यावं लागतं.

आता कार्डाकडे येऊ, कारण पत्र वाचताना माझं बोट तिथेच थांबलं. 9,000 वर 3.5 टक्के म्हणजे महिन्याला 315, त्यावर 18 टक्के जीएसटी 57. झाले 372. ब्लेडमध्ये वाचणार 318. म्हणजे रोज सकाळी काळजीपूर्वक वाचवलेले पैसे महिनाअखेरीस व्याजात जाणार आणि वर खिशातले 54 घालावे लागणार. शिवाय बाकी थकलेली असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, मग ते किराणा असो की पेट्रोल. ‘नो कॉस्ट’ ईएमआयमध्येही व्याजाच्या भागावरचा जीएसटी आणि बहुधा बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्याच बिलात लागते.

म्हणून पहिलं काम आजच करा. बचत खात्यातून 9,000 काढून कार्डाची पूर्ण बाकी भरा. अडीअडचणीच्या पैशाला हात लावायची तुमची भीती मला कळते आणि ती चांगली सवय आहे. पण मोठ्या बँकांच्या बचत खात्यात वर्षाला फार तर तीन टक्के मिळतात आणि कार्ड महिन्याला साडेतीन घेतंय. उरतात 32,000. व्याजाचे वाचलेले 372 दर महिन्याला तिथेच परत टाकत चला.

मग तो स्टीलचा डबा उघडा.

दांडा उलटा फिरवला की असे जुने रेझर बहुधा तीन तुकड्यांत सुटतात: टोपी, मधली पट्टी आणि दांडा. आत जुनं ब्लेड असेल तर जपून काढा, कागदात गुंडाळा. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना टूथब्रश एवढं पुरतं. देवाची भांडी घासायच्या सवयीने चिंच किंवा लिंबू मात्र लावू नका, मुलामा उतरतो. स्वच्छ झाल्यावर नवं ब्लेड घाला आणि रेझर दिव्यासमोर आडवा धरा. दोन्ही बाजूंनी धार सारखीच डोकावली पाहिजे. एकीकडे जास्त दिसली तर सोडवून पुन्हा बसवा. आटे झिजून दांडा सैल फिरत असेल किंवा मुलाम्याचे पोपडे निघत असतील, तर तो रेझर डब्यातच राहू द्या आणि आठ-नऊशे रुपयांत बंद दातांचा, म्हणजे ब्लेडखालची कड सलग असलेला, साधा रेझर घ्या. उघड्या दातांचा नको. तुमची मान नाजूक आहे आणि दाढी रोजची आहे.

बाकी सामान थोडकंच. सिंथेटिक ब्रश साडेतीनशेपर्यंत मिळतो, लवकर वाळतो आणि नव्या माणसाला बॅजरइतकाच फेस देतो. क्रीम साधं चालेल. 22 सप्टेंबर 2025 पासून शेव्हिंग क्रीमवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या छापील किमतीची ट्यूब कुणी पुढे केली तर विचारा. तुरटीचा खडा किराण्याच्या दुकानात मिळतो. जपानी फेदर ब्लेडांची धार फार तिखट असते, पहिले दोन महिने त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि फेस नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याने करा. बोरिंगच्या जड पाण्यात साबणाचा नुसता साका होतो आणि आपण उगाच ब्रशला दोष देतो. एक दिवसाआड नळ येतो तेव्हा दाढीपुरता एक तांब्या बाजूला भरून ठेवा.

पुरळ बहुतेक दाबून ओढल्याने येतं. या रेझरचं स्वतःचं वजन पुरतं, हाताने जोर लावायचा नाही. पहिली दाढी कारखान्याच्या बसची घाई नसलेल्या रविवारी करा. वापरलेली ब्लेडं रिकाम्या पत्र्याच्या डब्याला चीर पाडून त्यात टाका. डबा भरला की कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या. सुटं ब्लेड गाडीवरच्या माणसाच्या हाताला लागता कामा नये.

जर्मन रेझर आवडत असेल तर तो घ्यावा, यात काही गैर नाही. पण तो बचत म्हणून नव्हे, हौस म्हणून, रोखीने आणि बाबांचा रेझर सहा महिने वापरून झाल्यावर. तेवढ्यात ब्लेडांतले 1,900 रुपये बाजूला पडलेले असतील. कार्डाच्या पुढच्या स्टेटमेंटवर बाकी शून्य दिसली की मला कळवा, आणि दिव्यासमोर धरल्यावर बाबांच्या रेझरची धार दोन्हीकडे सारखी दिसली का, तेही.