लहानपणीचा गुन्हा पोलीस पडताळणीत दिसतो का?

तुम्ही विचारलंय, की मुलाचं नाव सोळाव्या वर्षी मारामारीच्या गुन्ह्यात आलं, साताऱ्याच्या बाल न्याय मंडळानं समज देऊन सोडलं, आता 19 व्या वर्षी भरतीच्या पडताळणीत ते निघेल का.

नोंद ठाण्यात असणं वेगळं आणि ती चारित्र्य दाखल्यावर चढणं वेगळं. ठाण्यात ती असेल बहुधा. केंद्राच्या 2016 च्या नमुना नियमांत अशी नोंद जपण्याची कमाल मुदत 7 वर्षं आहे, मग ती नष्ट करायची. पण फाईल कपाटात असली तरी बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 74(2) पोलिसांना चारित्र्य दाखल्यासाठी ती उघड करू देत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर चालू प्रकरणांनाही हेच लागू आहे.

मग घोळ कुठे होतो? एकाच गुन्ह्यात सज्ञान आरोपी असतील तर एफआयआरमध्ये मुलाचं नावही त्यांच्याच रांगेत बसतं. नाव टाकून शोधणाऱ्याला आजचं वय दिसतं. मोजायचं असतं ते घटनेच्या दिवशीचं.

म्हणून मंडळाकडून अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत काढा. त्याच अधिनियमाच्या कलम 24(2) प्रमाणे नोंदी नष्ट करण्याचा निर्देश त्यात आहे का, ते बघा. नसेल तर मंडळाकडेच अर्ज करा, ठाण्यात विनवण्या करून उपयोग नाही. आदेश आणि दहावीचं प्रमाणपत्र ठाण्यात व पोलीस अधीक्षक कार्यालयात द्या, पोच म्हणून आवक शिक्का घ्या. ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यालाच भेटा. पैसे घेऊन 'नाव काढून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

साक्षांकन नमुन्यात (पडताळणीसाठी उमेदवारानं भरून द्यायचा अर्ज) 'कधी अटक किंवा खटला झाला होता का' असं विचारलं असेल तर माझं मत सरळ आहे: 'अल्पवयीन असताना बाल न्याय मंडळात प्रकरण, निकाली, कलम 24 लागू' एवढं लिहून आदेश जोडा. लहानपणच्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्र ठरू नये, हे संरक्षण हेच कलम देतं. न लिहिल्याबद्दल काढलेल्या उमेदवाराच्या बाजूनं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये रमेश बिश्नोई प्रकरणात निकाल दिला आहे, पण तिथवर लढण्यात भरतीचं वय निघून जातं.

कलम 24 चं संरक्षण मिळत नाही ते 16 वर्षांवरच्या ज्या मुलावर मंडळाहून वेगळ्या असलेल्या बाल न्यायालयानं सज्ञान म्हणून खटला चालवून त्याला दोषी धरलं, त्याला. मंडळानंच समज देऊन सोडलं असेल तर तुमचं प्रकरण त्यात बसत नाही.